मंदीत माणसं जास्त मरतात की कमी?

विट्याच्या महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या एका सरांनी विचारलं आहे : "मंदी आली की लोकांचं आरोग्य ढासळतं, मृत्यू वाढतात, असं आपण धरून चालतो. पण अमेरिकेतले अभ्यास वाचले तर मंदीत मृत्युदर घटतो असं दिसतं. हे खरं आहे का? आणि असलं तर आपल्या सांगली जिल्ह्यातही तसंच होतं का?"

सर, मंदीत मृत्यू घटतात हेही खरं आणि आरोग्य ढासळतं हेही खरं. श्रीमंत देशात मंदीच्या वर्षी एकूण मृत्यू बहुधा थोडे घटतात. त्याच वर्षी ज्याची नोकरी जाते, त्याचं आयुष्य मात्र कमी होतं. गरीब मुलखात तान्ही पोरं आधी जातात, त्यातही मुली. आणि आपल्या जिल्ह्यासारख्या ठिकाणी, जिथे एका अंगाला उसाची बागायत आणि दुसऱ्या अंगाला टँकरची गावं, तिथे मंदीचे मृत्यू उशिरा येतात. इतके उशिरा, की तोवर तुमच्या तक्त्यात तेजी लागलेली असते.

मी फिजिशियन आहे. नोकरीची पहिली चार वर्षं जत तालुक्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात काढली आणि गेली सव्वीस वर्षं कुपवाडला एमआयडीसीच्या तोंडाशी दवाखाना चालवते. दुष्काळ पाहिला आणि कारखान्यांच्या पाळ्या कमी होणंही पाहिलं. अर्थशास्त्रातलं तुम्हाला जास्त कळतं, पण मंदी माझ्या दारात तुमच्या आकड्यांच्या दोन-तीन महिने आधी येते.

आधी परदेशातलं पाहू, कारण तुमचा घोळ तिथून सुरू झाला. धंदा तेजीत असला की मृत्युदर वर सरकतो, हे अमेरिकेत ऑगबर्न आणि डोरोथी थॉमस यांनी १९२२ सालीच मांडलं होतं. पुढे १९७०च्या दशकात हार्वी ब्रेनर यांनी नेमकं उलटं सांगितलं : बेकारी वाढली की हृदयविकार, मनोविकार, आत्महत्या सगळंच वाढतं. ते लोकांना पटलं, कारण ते मनाला पटणारं होतं. मग २००० साली क्रिस्टोफर रूम यांनी १९७२ ते १९९१ या काळातले राज्यवार आकडे घेऊन दाखवलं, की बेकारीचा दर एका टक्क्याने वाढला (समजा पाचाचा सहा टक्के झाला) तर एकूण मृत्यू साधारण अर्ध्या टक्क्याने घटतात. रस्त्यावरचे मृत्यू तर तीन टक्क्यांच्या आसपास घटतात. आत्महत्या मात्र वाढतात, सव्वा टक्क्याच्या आसपास. १९३०च्या महामंदीचे आकडे नंतर पुन्हा तपासले गेले. त्यातही हेच निघालं : १९३० ते १९३३ या वर्षांत अमेरिकेतलं सरासरी आयुर्मान वाढलं आणि आत्महत्याही वाढल्या.

हे वाचून चक्रावायला होतं. पण एमआयडीसीत बसलेल्या डॉक्टरला त्यात फार नवल वाटत नाही. माझ्याकडे पॉवर प्रेसमध्ये बोटं गेलेली माणसं कधी येतात माहीत आहे? ऑर्डरी भरपूर असतात तेव्हा. डबल पाळी, रात्रीचे अडीच, प्रेसचा गार्ड काढून ठेवलेला, कारण गार्ड असला की नग कमी निघतात. मंदीत बोटं शाबूत राहतात. ट्रक कमी पळतात, म्हणून मिरज रस्त्यावरचे अपघातही कमी. धूर कमी होतो. १९८१-८२च्या मंदीत अमेरिकेतल्या ज्या भागांत कारखाने थंडावले, तिथल्या हवेतली धूळ कमी झाली आणि तान्ह्या मुलांचे मृत्यूही घटले, हे चे आणि ग्रीनस्टोन यांनी दाखवून दिलं आहे. आणखी एक कारण आहे, जे मला तरी वाचेपर्यंत सुचलं नव्हतं. तिथे तेजीत वृद्धाश्रमांना माणसं मिळत नाहीत, कमी पगारावरच्या आया-मावश्या दुसरीकडे जातात. मंदीत त्या परत मिळतात, म्हाताऱ्यांना वेळेवर वळवलं जातं, भरवलं जातं. तिथल्या घटलेल्या मृत्यूंत मोठा वाटा या म्हाताऱ्यांचा आहे. नोकरी गेलेल्या चाळिशीतल्या माणसाचा त्यात काही संबंध नाही.

त्या चाळिशीतल्या माणसाचं काय झालं, तेही कोणीतरी पाहिलं, हे बरं झालं. पेनसिल्वेनियात १९७०-८०च्या दशकांत ज्यांची जुनी पक्की नोकरी गेली, अशा पुरुषांचा मागोवा सलिव्हन आणि फॉन वाख्टर यांनी घेतला. नोकरी गेल्यानंतरच्या वर्षात त्यांच्यातला मृत्युदर ५० ते १०० टक्क्यांनी जास्त निघाला. वीस वर्षांनीही तो दहा-पंधरा टक्क्यांनी वरच होता. चाळिसाव्या वर्षी नोकरी गेली तर आयुष्यातलं एक ते दीड वर्ष गेलं, असा त्यांचा हिशेब आहे.

दोन्ही आकडे एकाच देशाचे. समजा कुपवाडातला एक मोठा कारखाना बंद पडला. तीनशे जण घरी बसले. त्यांच्यातले चार-दोन जण पुढच्या काही वर्षांत लवकर जातील. पण कारखान्याचा धूर बंद झाला, मालाच्या गाड्या बंद झाल्या, म्हणून रस्त्याकडेच्या वस्तीतल्या दम्याच्या दहा म्हाताऱ्या अजून एक हिवाळा काढतील. मृत्यूंची बेरीज केली तर ती घटलेली दिसेल. जगले कोण आणि मेले कोण, ते बेरजेत दिसत नाही. तुमचे विद्यार्थी "मंदी आरोग्याला चांगली" असं लिहू लागले, तर त्यांना त्या म्हाताऱ्यांची आणि त्या तीनशे जणांची वेगळी यादी करायला सांगा. स्वतः रूम यांनीच पुढे २०१०पर्यंतचे आकडे घेऊन सांगितलं, की एकूण मृत्यूंशी असलेला हा संबंध आता क्षीण झाला आहे, आणि विषबाधेचे मृत्यू, म्हणजे तिकडे मुख्यतः गोळ्या आणि अमली पदार्थांचे, मंदीत वाढतात.

रशियाचं उदाहरण तुम्ही वर्गात देत असालच. सोव्हिएत संघ फुटल्यावर तिथल्या पुरुषांचं सरासरी आयुर्मान १९९० ते १९९४ या चार वर्षांत जवळपास ६४वरून ५८च्याही खाली आलं. त्याला मंदी म्हणायचं की अख्खं घरच कोसळलं म्हणायचं, हा प्रश्न आहे. दारूचा वाटा त्यात फार मोठा होता. उलट क्यूबात, सोव्हिएत मदत बंद झाल्यावर, लोक सायकली मारू लागले, जेवण आटलं, वजनं चार-पाच किलोंनी उतरली आणि मधुमेहाचे, हृदयविकाराचे मृत्यू घटले. हे उदाहरण आमच्या परिषदांत फार मिटक्या मारत सांगितलं जातं. त्याच वर्षांत तिथे पोषणाच्या अभावाने पन्नास हजारांवर लोकांच्या नजरेवर आणि नसांवर परिणाम झाला, हे सांगायला मात्र वक्ते विसरतात.

आता आपल्याकडे येऊ. सोनिया भलोत्रा यांनी भारतातल्या राज्यांचे काही दशकांचे आकडे घेऊन अर्भकमृत्यू तपासले, आणि ग्रामीण भागात अमेरिकेच्या उलट चित्र निघालं : उत्पन्न घसरलं की बाळं जास्त दगावतात, मुली मुलांपेक्षा जास्त. ५९ विकसनशील देशांतल्या सतरा लाख जन्मांवरून दुसऱ्या एका गटाने हिशेब काढला, की दरडोई उत्पन्न एक टक्क्याने घटलं तर हजार जन्मांमागे ०.२४ ते ०.४० अर्भकं जास्त जातात. तिथेही मुलींनाच जास्त फटका. आकडा छोटा वाटतो. आपल्या देशातल्या जन्मांच्या संख्येने गुणून बघा.

भलोत्राबाईंनी दिलेलं एक कारण मी स्वतः पाहिलं आहे. अडचणीच्या वर्षी बाईला जास्त काम करावं लागतं, म्हणून आजारी मुलाला घेऊन दवाखाना गाठायला तिला वेळच उरत नाही. जतच्या पूर्व भागात, कानडी बोलणाऱ्या गावांत, एका उन्हाळ्यात एक बाई नऊ महिन्यांची मुलगी घेऊन आली. तीन दिवसांची हगवण. टाळू आत गेलेली, पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची, रडायला डोळ्यांत पाणी नाही. मी नर्सबाईंकरवी चिडून विचारलं, काल का नाही आणलं? उत्तर आलं, काल टँकर होता. टँकरची पाळी चुकली की पुढचे दोन दिवस घरात पाणी नाही, आणि नवरा टोळीबरोबर ऊसतोडीला गेलेला. परवा का नाही आणलं? परवा तिने टँकरची वाट पाहिली, तो आलाच नव्हता. शीर सापडायला मला वीस मिनिटं लागली. मुलगी वाचली. तिच्या थोरल्या भावाला आदल्या वर्षी असंच झालं होतं, तेव्हा त्याला पहिल्याच दिवशी आणलं होतं, असं नर्सबाई नंतर म्हणाल्या. आदल्या वर्षी टँकर नव्हता, आणि तो मुलगा होता. यातलं कुठलं कारण खरं, ते मी आजही ठरवू शकलेले नाही.

आता मुख्य मुद्दा. जतमध्ये मंदी बाळांवर येते, तर कुपवाडात ती बीपी आणि शुगरच्या गोळ्यांवर येते.

माझ्या दवाखान्याच्या खालीच मेडिकल आहे. चालवणारा गृहस्थ पंचवीस वर्षं तिथेच आहे. पाळ्या कमी झाल्या की त्याच्या गल्ल्यावर कात्री दिसायला लागते. एरवी लोक महिन्याच्या तीन पट्ट्या घेतात. मग एक पट्टी घेतात. मग म्हणतात, "पाचच द्या, पगार झाला की बाकीच्या नेतो." पट्टी कापली की मुदतीची तारीख एका तुकड्यावर राहते आणि नाव दुसऱ्यावर. तसले बिननावाचे तुकडे मग माझ्या टेबलावर येतात : "मॅडम, ह्यातली बीपीची कुठली आणि पित्ताची कुठली?"

२०१९ साली वाहनउद्योग मंदावला, तेव्हा आमच्याकडच्या फौंड्र्या आणि मशीनशॉपना लगेच कळ लागली. एका फौंड्रीत मोल्डिंगला असलेला, कंत्राटी, शेहेचाळीस वर्षांचा माणूस माझा जुना पेशंट. बीपीच्या दोन गोळ्या, दर महिन्याला नेमाने यायचा. त्याला कंपनीने 'ब्रेक' दिला. आमच्याकडे कामावरून काढलं असं कोणी म्हणत नाही, ब्रेक दिला म्हणतात किंवा बसवलं म्हणतात. त्यानंतर चार महिने तो आलाच नाही. मेडिकलमध्ये मुलाला पाठवून पाच-पाच गोळ्या नेत होता, दिवसाआड एक. पुढे तर डोकं दुखलं की एक. बीपीची गोळी ही डोकेदुखीची गोळी आहे, हा समज इतका खोल बसलाय की सव्वीस वर्षं सांगून माझी जीभ थकली. मग टाळेबंदी आली. २०२०च्या शेवटी कामं परत सुरू झाली, त्याला बोलावणं आलं, ओव्हरटाइमही मिळू लागला. हाती पैसा आला तेव्हा आधी उधारी फेडली, मायक्रोफायनान्सचे थकलेले हप्ते भरले. गोळ्या सुरू करायच्या राहिल्या, कारण एवढे महिने न घेताही काही झालं नव्हतं. २०२१च्या जानेवारीत पहिल्या पाळीला जाताना दारातच पडला. मेंदूत रक्तस्राव. मिरजेला अकरा दिवस होता, मग गेला.

तुमच्या अभ्यासाच्या पद्धतीने मोजला तर हा मृत्यू तेजीत पडतो. २०१९मध्ये बेकारी वाढली तेव्हा तो जिवंत, २०२१मध्ये कारखाना जोरात चालू तेव्हा तो मेला. असे तीन-चार घेतले की कोणीही सिद्ध करून दाखवेल, की कामामुळे माणसं मरतात. रक्तदाब, साखर, किडनी ही सगळी सावकाश जाळणारी दुखणी आहेत. गोळी बंद केल्याचा दंड ती एक-दोन वर्षांनी वसूल करतात. मंदीचं वर्ष आणि मृत्यूचं वर्ष एकच धरून जे हिशेब होतात, त्यांतून हे निसटतं.

तुम्ही म्हणाल, बीपीच्या गोळ्या किती त्या किमतीच्या! बरोबर आहे. जनऔषधी दुकानात काही रुपयांत पट्टी मिळते. आरोग्य केंद्रात, उपकेंद्रात तर फुकट. पण गोळीची किंमत म्हणजे गोळीवर छापलेली किंमत नव्हे. माझी फी आहे. मी सांगितलेल्या रक्ताच्या तपासण्या आहेत. सरकारी दवाखान्यात जायचं तर सकाळची ओपीडी, म्हणजे एक हजेरी बुडाली. मंदीत हजेरी आधीच आठवड्यातून तीन दिवस, त्यातली एक कोण बुडवेल? यात माझ्यासारख्या खासगी डॉक्टरांचाही दोष आहे. महागड्या ब्रँडची गोळी लिहून दिली की पेशंटला वाटतं, स्वस्तातली ती हलकी. मग परवडेना झाली की तो स्वस्तातली घेत नाही, बंदच करतो. २०१९नंतर मी प्रत्येक जुन्या पेशंटला न विचारताच सांगते : पैशाची ओढ लागली तर आधी मला सांगा, गोळी बदलून देईन, पण थांबवू नका. निम्मे जण तरीही सांगत नाहीत. डॉक्टरला "पैसे नाहीत" म्हणायची लाज वाटते माणसाला.

घरात काटछाट कुठल्या क्रमाने होते, तोही पाहण्यासारखा आहे. आधी बाईची स्वतःची औषधं बंद होतात : थायरॉईडची, रक्तवाढीची. "मला काय होतंय" म्हणून. मग दात, डोळे, म्हातारीचा मोतीबिंदू पुढच्या वर्षावर. मग दूध, अंडी, फळं. मग सासऱ्यांच्या गोळ्या निम्म्यावर. मग कर्त्या पुरुषाच्या. पोरांची शिकवणी अगदी शेवटी तुटते आणि मोबाईलचं रिचार्ज कधीच तुटत नाही, कारण मुकादमाचा, कंत्राटदाराचा फोन त्यावरच येतो. गुटखा आणि दारू या क्रमात कुठे बसतात, ते घरागणिक वेगळं. तेजीत ओव्हरटाइमच्या पैशावर पिणारेही असतात आणि मंदीत रिकामं बसवत नाही म्हणून पिणारेही. त्याचा एक नियम मला सापडलेला नाही.

या क्रमातल्या दूध-अंड्यांच्या पायरीवर क्षयरोग बसलेला असतो. वजन घटलं की आत दबून राहिलेले जंतू डोकं वर काढतात. झारखंडात झालेल्या अभ्यासात, क्षयरोग्याच्या घरातल्या माणसांना महिन्याचं वाढीव रेशन दिलं तेव्हा त्यांना क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. निष्कर्ष २०२३ साली आले. नुसतं धान्य, डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या. निक्षय पोषण योजनेत रुग्णाला महिन्याला ५०० रुपये मिळत, ते नोव्हेंबर २०२४पासून १,००० झाले. मंदीच्या वर्षी त्या पैशांतून घरभर किराणा येतो, हे मला दिसतं, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

आत्महत्यांबद्दल थोडंच लिहिते. युरोपातल्या २६ देशांच्या आकड्यांवरून डेव्हिड स्टकलर आणि सहकाऱ्यांनी २००९ साली मांडलं, की बेकारी एका टक्क्याने वाढली तर ६५ वर्षांखालच्या लोकांतल्या आत्महत्या ०.७९ टक्क्याने वाढतात. पण हे अटळ नाही. फिनलंडमध्ये १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बेकारी तीन टक्क्यांच्या आसपासवरून सोळा-सतरा टक्क्यांवर गेली आणि आत्महत्या मात्र कमी झाल्या. तिथे काम गेलेल्या माणसाला सरकारने एकटं सोडलं नव्हतं आणि आत्महत्या रोखण्याचा मोठा कार्यक्रमही सुरू होता. आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२१ साली १,६४,०३३ आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यांपैकी ४२,००४ रोजंदारीवरची माणसं होती. शेतकऱ्यांची चर्चा होते, ती व्हायलाच हवी, पण रोजंदारीवाल्याची चर्चा होत नाही, कारण त्याच्या नावावर सातबारा नाही आणि कर्जमाफी मागणारी संघटनाही नाही. श्रीलंकेने सर्वांत घातक कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि १९९५नंतर तिथल्या आत्महत्यांचं प्रमाण दोन-तृतीयांशाहून जास्त घटलं. लोकांची कर्जं काही फिटली नव्हती. त्या एका वाईट तासात हाताशी जहर नव्हतं, एवढाच फरक. आपल्या द्राक्षपट्ट्यात फवारणीचा डबा माजघरात ठेवतात, तो शेतावरच्या खोपटात कुलपात ठेवा असं मी प्रत्येक घराला सांगते. आणि कोणी घरात गप्प गप्प राहत असेल, देणी मिटवल्यासारखं बोलत असेल, तर सरळ विचारा. विचारल्याने डोक्यात भलतं येत नाही. १४४१६ या सरकारच्या टेली-मानस (मानसिक आधाराच्या) क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

उत्पन्न बुडालं की माणसं मरतातच असं नाही, याचा सगळ्यात मोठा पुरावा शोधायला तुम्हाला विट्याहून तासभरही जायला नको. वि. स. पागे यांनी कामाच्या हमीची कल्पना १९६५ साली तासगाव तालुक्यातल्या विसापुरात करून पाहिली. मग १९७२चा दुष्काळ आला. माझ्या सासूबाई तेव्हा कवठेमहांकाळकडे, सतरा वर्षांच्या, लग्न नुकतं झालेलं. पाझर तलावावर दगड वाहिले त्यांनी. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनवर तांबडा मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी. त्या मिलोच्या भाकरीची चव त्यांनी अजून माफ केलेली नाही; घरात कधी भाकरी करपली किंवा चिरली तर "मिलोवाणी झाली" म्हणतात. त्या भागातलं ज्वारीचं पीक गेलं होतं, जनावरं गेली होती, आणि १९७३च्या मे महिन्यात राज्यभरात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. जगभरचे अभ्यासक आजही याची नोंद घेतात, ती एवढं पीक बुडूनही मोठा भूकबळींचा दुष्काळ टळला म्हणून. मंदीच म्हणायची तर याहून मोठी मंदी या मुलखाने पाहिलेली नाही. पुढे १९७७ला रोजगार हमीचा राज्याचा कायदा झाला आणि २००५ला देशाचा.

सासूबाईंच्या हातापायांचे सांधे मात्र त्या दोन वर्षांत गेले ते गेले. जिवंत राहणं आणि धडधाकट राहणं, यांतला फरक त्यांच्या गुडघ्यांच्या एक्स-रेत दिसतो.

२०२०ची टाळेबंदी मात्र तुमच्या तक्त्यात मंदी म्हणून घालू नका. साथ, बंद आणि बुडालेला रोजगार, तिन्ही एकाच वेळी होतं. देशात रस्त्यावरचे मृत्यू त्या वर्षी आदल्या वर्षापेक्षा साधारण वीस हजारांनी घटले, हे खरं. पण क्षयरोगाच्या नोंदी २४ लाखांवरून १८ लाखांवर आल्या, त्याचा अर्थ सहा लाख लोक बरे झाले असा कोणी काढू नये. ते घरात खोकत होते. घटलेला प्रत्येक आकडा आनंदाचा नसतो. आधी पाहायचं : घटना घटली, की नोंद घटली?

खर्चाबद्दल एक गोष्ट. देशात आरोग्यावरच्या एकूण खर्चातला लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ साली ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ला ३९.४ टक्के झाला असं राष्ट्रीय आरोग्य लेखा सांगतो. सुधारणा आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेमुळे स्टेंट, डायलिसिस, कॅन्सर यांसाठी घरं विकावी लागणं कमी झालं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पण ही योजना आहे दाखल झाल्यानंतरची. त्या मोल्डिंगवाल्याच्या अकरा दिवसांचा बराचसा खर्च तिच्यातून निघाला. ज्या गोळीने ते अकरा दिवस टळले असते, ती मात्र त्याने स्वतःच्या खिशातून घ्यायची होती. माझ्या मते मंदीच्या काळात सरकारने एकच गोष्ट करायची ठरवली, तर एमआयडीसीच्या फाटकावर, पाळी सुटायच्या वेळेला, बीपी-शुगरच्या महिन्याच्या गोळ्या वाटाव्यात. डॉक्टरही नको, प्रशिक्षित नर्स पुरे.

आणि तुम्हाला खरंच जिल्ह्याचा अभ्यास करायचा असेल, तर मृत्यूच्या नोंदींपासून सुरू करू नका. देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम पाव मृत्यूंचं कारण डॉक्टरने लिहिलेलं असतं, आणि ज्यांचं लिहिलेलं असतं त्यातल्या बऱ्याच दाखल्यांवर "हृदय व श्वसनक्रिया बंद" एवढंच असतं. सगळ्यांचीच ती बंद पडते. त्याऐवजी तीन वह्या मिळवा. आरोग्य केंद्रातली प्रसूतीची वही, त्यात बाळाच्या वजनाचा रकाना असतो. दुष्काळी वर्षाची आणि चांगल्या वर्षाची जत, आटपाडी, कवठेमहांकाळची वजनं शेजारी मांडा. क्षयरोगाचे उपचार मध्येच सोडलेल्यांची यादी. आणि बीपी-शुगरच्या पेशंटांनी महिन्याच्या गोळ्या नेल्या की नाही, त्याची उपकेंद्रातली नोंद. नावं झाकून घ्या, रीतसर परवानगी काढा. वाळवा-पलूसची बागायती गावं तुलनेला ठेवा, पण ऊसतोडीच्या हंगामात जतची निम्मी माणसं तिकडेच असतात हे ध्यानात असू द्या, नाहीतर आजारी जतचा आणि नोंद वाळव्यात असं होईल. मृत्यू मोजायचेच असतील तर मंदीच्या वर्षाच्या पुढची तीन वर्षं मोजा.

आमच्या मेडिकलवाल्याला मी तुमच्याबद्दल सांगितलं आहे. त्याची उधारीची वही १९९९पासूनची आहे, नावं तो दाखवणार नाही, पण कुठल्या महिन्यात किती पट्ट्या कापल्या, ते काढून द्यायला तयार आहे. रविवारी दुपारी या, तेव्हा त्याला वेळ असतो.